वाटणीच्या गावात तीन दिवस

साताऱ्याहून पहाटेच्या एसटीनं निघाले तेव्हा पिशवीत दोन साड्या, एक शाल आणि व्याख्यानाची अकरा पानं होती. कॉलेजात एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, त्याला आता तीन वर्षं होतील. निवृत्त माणसाला बोलावणी फारशी येत नाहीत. हे बोलावणं बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या वाचनालयाचं होतं. बोलावणारी सुनंदा तिथली ग्रंथपाल. नोकरी सांभाळून तिनं बाहेरून एम. ए. केलं, तेव्हा माझं एक लहानसं पुस्तक तिच्या हाती लागलं आणि शंका विचारायला ती मला फोन करू लागली. तीन वर्षांत आमचं पुष्कळ बोलणं झालं होतं, पण आम्ही एकमेकींना पाहिलेलं नव्हतं.

गावाचं नाव लिहीत नाही. वडवणीपासून आत आठ-दहा किलोमीटरवर आहे, एवढं पुरे. गावात दोन मोठे समाज आहेत, त्यांचीही नावं लिहीत नाही. ती लिहिली की वाचणारा लगेच एक बाजू धरतो. हे मी तिथंच पाहिलं.

पुण्यात गाडी बदलली. नगर गेलं, जामखेड गेलं आणि डोंगर बुटके होत गेले. जानेवारीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी कणसांत आली होती, मधूनमधून वेचून संपलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या. पाटोद्याला एक बाई चढल्या आणि शेजारी बसल्या. बसल्याबरोबर त्यांनी विचारलं, "कुनीकडं चाललाव बाई?"

"वडवणीकडं."

"पावनं हायेत का तिथं?"

"नाही. व्याख्यान आहे."

"आडनाव काय म्हणायचं?"

"काळे."

"काळे म्हंजी कोणते काळे?"

ह्या प्रश्नाची मला सवय आहे. महाराष्ट्रात काळे हे आडनाव इतक्या जातींत आहे की त्यावरून काहीच ठरत नाही. मी माझं नेहमीचं उत्तर दिलं, "नुसते काळे." बाई हसल्या. पिशवीतली दोन बोरं माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "नुसतं काय बी नसतंय बाई." आणि मांजरसुंब्यापर्यंत झोपल्या.

बीडहून वडवणीची गाडी लगेच मिळाली. वडवणीत आठवडी बाजार होता. स्टँडच्या बाहेर लसणाचे ढीग, दोरखंड, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या एका ओळीत मांडलेल्या. सुनंदा यायला अवकाश होता, म्हणून समोरच्या हॉटेलात जाऊन मी चहा सांगितला. अर्धा कप झाला असेल, तेवढ्यात चाळिशीची एक बाई स्कूटी लावून धावत आत आली.

"मॅडम, तुमी ह्या हाटेलात कशाला बसलात?"

"का? चहा चांगला आहे."

"चहा चांगलाच हाय हो. पण आमच्या गावातले दोघं जण तिकडं पलीकडच्या टपरीवर बसलेत. त्यांनी बघितलं तुमाला. आता आपल्या आधी गावात जाऊन सांगतील, बाई त्यांच्यातल्या हायेत म्हून."

ही सुनंदा. गेल्या निवडणुकीपासून इथं कुणी कुणाच्या हॉटेलात चहा प्यायचा हे ठरून गेलंय, असं तिनं मला स्कूटीवर सांगितलं. चहा, किराणा, दाढी, पिठाची गिरणी, सगळं. मी मागं बसून पिशवी सांभाळत ऐकत होते. मग एका पुलापाशी तिनं गाडी थांबवली आणि मागं न बघता म्हणाली, "मॅडम, मी एक खोटं बोलले. व्याख्यान न्हाई."

"मग?"

"वाटणी हाय. वाचनालयाची."

झालं होतं ते असं. वाचनालयाचे अध्यक्ष आबासाहेब हे गावचे बागायतदार आणि माजी सरपंच. चिटणीस रंगनाथ सर हे निवृत्त मुख्याध्यापक. दोघं दोन समाजांचे. दोघांनी मिळून पंचवीस वर्षं वाचनालय चालवलं होतं. आता ते एका सतरंजीवर बसत नव्हते. इमारतीच्या दोन खोल्या होत्या, त्या एकेकाला जायच्या होत्या आणि पुस्तकं अर्धी अर्धी. वाटणीला पंच पाहिजे होता, आणि तोही दोन्हीकडचा नसलेला. गावात असा माणूस मिळेना, तालुक्यातही मिळेना.

"मग मी तुमचं नाव सुचवलं," सुनंदा म्हणाली. "तुमची जात कुनालाच म्हाईत न्हाई. मला सुद्दा न्हाई."

मला राग आला होता. पण ज्या गोष्टीचा मी आयुष्यभर अभिमान बाळगला, तीच माझी पात्रता ठरली होती, हेही खरं. माझ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरणच त्यावर आहे: जन्मानं अंगावर आलेल्या ओळखी उंबऱ्याच्या आत ठेवून माणूस चौकात येतो, आणि चौकात तो नुसता नागरिक असतो. मी स्कूटीवर परत बसले.

सुनंदाच्या घरी बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या डाळी-धान्यांच्या मसालेदार पिठाची) जेवायला होती. हात धुतोय तोवर रंगनाथ सर आले. स्वच्छ पायजमा, खिशाला दोन पेनं, बोलणं सावकाश. त्यांनी माझं पुस्तक वाचलं होतं, त्यातल्या एका तळटिपेतली चूकही दाखवली. ती चूक खरीच होती. मग चहा घेता घेता म्हणाले, "माझी एक चुलत मेहुणी काळ्यांच्यात दिलेली आहे. परतूरकडं. तुमचं मूळ गाव?"

"वडील सोलापूरचे."

"हां. तिकडंही आहेत आपले."

ते समाधानानं गेले. मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेबांनी हुरड्याला बोलावलं. शेत मोठं होतं. आगटीत (गोवऱ्यांच्या विस्तवाचा खड्डा) कणसं भाजत होती. गरम हुरडा पोत्यावर चोळून देत होते, बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि घट्ट दही. इतका गोड हुरडा मी पूर्वी खाल्ला नव्हता. आबासाहेब सत्तरीचे, उंच, पाहुण्याला वाढताना स्वतः उठणारे. भोवती त्यांचे सात-आठ लोक होते.

"खा बाई, लाजू नका. तुमी आमच्यातल्याच हायेत, तोंडावरनं कळतंय. आन काल चहा बी आपल्याच हाटेलात घेतलाव."

मी हसले.

"न्हाई, पण आमची ही लोकं कशी बघा. काळे म्हणल्याबरोबर मला म्हणत्यात, आबा, जरा तपासून घ्या, आपल्याकडं काळे म्हंजी पारधी बी असत्यात. मी म्हणलं, कावून बे, येड लागलं का? बाई प्रोफेसर हायेत. पारधीन असती तर एव्हाना तुमच्या कोंबड्या गेल्या असत्या!"

सगळे मोठ्यानं हसले. त्यात मीही हसले. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या हसण्यापासून निघालं. हातातला हुरडा मी खाल्ला. तो तसाच गोड लागला.

माझे वडील फासेपारधी होते.

सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये त्यांचा जन्म झाला. इंग्रजांनी काही जातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांना तारेच्या कुंपणात कोंडून ठेवण्याची ती सरकारी वसाहत. कुंपण निघालं तेव्हा वडील शाळेत होते. पुढं ते पाटबंधारे खात्यात कारकून झाले आणि ओळखीचं कुणी नसेल अशा साताऱ्याला बदली मागून घेतली. मला आणि धाकट्या भावाला त्यांनी एकच शिकवण दिली: आडनाव सांगायचं, त्याच्या पुढं सांगायचं नाही. जातीचा दाखला त्यांनी आम्हाला काढू दिला नाही. आपली भाषा ते घरात कधी बोलले नाहीत, शेवटच्या आजारात तापात तेवढी बोलले, आणि आम्हा दोघांना त्यातला एक शब्द कळला नाही. भीतीपोटी मिळालेली ही सवय कॉलेजात आल्यावर माझ्या विषयाच्या पुस्तकांत तत्त्व होऊन भेटली. मी ती आनंदानं तत्त्व म्हणून उचलली. लग्न केलं नाही, त्यामुळे सांगायची वेळही आली नाही.

दुपारी दोनला वाचनालयात वाटणी सुरू झाली.

पुस्तकं नऊशेच्या आसपास असतील. पहिला तास शहाण्यासारखा गेला. ज्या घरानं पुस्तक देणगी दिलं, त्या घराच्या बाजूला ते जायचं, पानावर शिक्के होतेच. अडलं ते वर्गणीतून आणि अनुदानातून घेतलेल्या पुस्तकांवर. मी म्हटलं, एकाआड एक घ्या. त्यावर कुणीतरी मागून म्हणालं, "असं कसं? ह्यो लेखक आमचा हाय." आणि रंगनाथ सर, ज्यांनी पंचवीस वर्षं सुंदर अक्षरात त्या पुस्तकांची यादी ठेवली होती, ते मुखपृष्ठावरची आडनावं वाचू लागले.

कादंबऱ्या आडनावांवर गेल्या. संतांना आडनावं नव्हती, पण जाती होत्या, त्यामुळे तिथं काही अडलं नाही. महापुरुषांची चरित्रं तर कुणी न सांगताच आपापल्या खोलीत गेली. भाषांतरित पुस्तकांचे मूळ लेखक परदेशी, म्हणून भाषांतरकाराचं आडनाव बघितलं. शब्दकोशाचे दोन खंड होते. त्यावर बराच वेळ घोळ झाला आणि शेवटी 'अ ते न' आबासाहेबांकडे गेला, 'प ते ज्ञ' सरांकडे. सुनंदा खिडकीपाशी उभी होती. मी पंच म्हणून खुर्चीवर होते आणि प्रत्येक वेळी मान हलवत होते.

ज्यांचं आडनाव कळेना, त्यांचा मधे एक तिसरा ढीग झाला. त्यात टोपणनावानं लिहिणारे, शेळीपालनाची पुस्तिका, जुनी पंचांगं, असं बरंच होतं. मग सरांच्या हाती माझं पुस्तक आलं. तीन प्रती होत्या.

"हे आमच्याकडं," आबासाहेब म्हणाले.

"का म्हणून?" सरांनी विचारलं.

"बाई आमच्या हायेत."

"असं बाईंनी सांगितलं का?"

आवाज चढले. दोन्हीकडचे लोक उभे राहिले. आबासाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, एकदा सांगून टाका. मिटवा."

मी उभी राहिले आणि पुस्तकातलं पहिलं प्रकरण बोलू लागले. माणूस जन्मानं ठरत नाही, मी माझी जात सांगत नाही, तुम्हीही सांगू नका, चौकात आपण सगळे सारखे. मला ते पाठ होतं.

दाराशी रुक्मिण उभी होती. ती वाचनालय झाडते. धनगराच्या घरातली, पन्नाशीची. दोन समाजांच्या भांडणात तिचं घर कुणाच्या मोजणीत नव्हतं. सुनंदानं तिला इथंच वाचायला शिकवलं होतं. झाडू खाली ठेवून ती म्हणाली, "बाई, एक इचारू का?"

"विचारा."

"तुमाला न सांगून चालतंय, लई चांगलं हाय. पर माज्या दारात मेंढरं हायेत. अंगाला वास हाय. मी न्हाई सांगितलं तर काय हुतंय? समद्याला म्हाईतच हाय. न सांगायची सोय तुमाला हाय, आमाला न्हाई. आन आता मी कोणच्या खोलीत वाचायला यायचं, त्ये बी कुनी सांगंना."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखर उत्तर पाहिजे होतं. मला सकाळचं माझं हसणं आठवलं.

"माझे वडील फासेपारधी होते," मी म्हटलं. "म्हणजे मीही पारधीण आहे. काळे त्यातलेच."

आबासाहेबांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. त्यांच्यामागे सकाळी हसलेले दोघं बाहेर निघून गेले. रंगनाथ सरांनी माझ्या पुस्तकाच्या तिन्ही प्रती दोन्ही हातांनी, जपून उचलल्या आणि तिसऱ्या ढिगात ठेवल्या. ह्या वेळी वाद झाला नाही. राहिलेली पुस्तकं मग अर्ध्या तासात वाटून झाली. तिसरा ढीग कुणालाच नको होता. तो सुनंदानं आपल्या ओसरीवर नेऊन ठेवला.

रात्रीचं जेवण सरांच्या घरी ठरलं होतं. पाचच्या सुमारास त्यांचा निरोप आला, घरात जरा अडचण निघाली आहे. आबासाहेब मात्र स्वतः सुनंदाच्या फाटकापर्यंत आले. आत आले नाहीत.

"सकाळचं मनावर घेऊ नका बाई. आमाला म्हाईत असतं तर बोललो नसतो."

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मी म्हटलं, "मला कळलं." एवढंच कळलं होतं की त्यांच्या दृष्टीनं ते बोलणं चूक नव्हतं, माझ्या देखत बोलणं चूक होतं.

संध्याकाळी रुक्मिण मला तिच्याकडे घेऊन गेली. गावाबाहेर माळावर तिचं घर आणि घराला लागून वाडगं (मेंढरांसाठी काट्यांचं कुंपण). मेंढरं नुकतीच परतली होती, त्यांच्या खुरांची धूळ खाली बसायची होती. तिनं शेळीच्या दुधाचा चहा केला, गूळ घालून. मी पिताना ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"खरंच पारधीन हायेत तुमी?"

"हो."

"मला वाटलं, मला बरं वाटावं म्हून म्हणालाव." थोडं थांबून ती म्हणाली, "राग नका धरू. मी तुमाला घरी आनताना मालकाला आधी इचारलं. दोन वर्साखाली आमची चार मेंढरं गेल्ती. आमी पारध्यांचं नाव सांगितलं. पोलीस त्यांच्या पालावर गेलते. दोन बाप्यांना धरून नेलं, लई मारलं."

"मेंढरं मिळाली?"

"मिळाली की. मालकाच्या चुलतभावानंच इकली व्हती. दिवाळीत कळलं."

"मग त्या पारध्यांना कुणी जाऊन सांगितलं?"

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "न्हाई. कोन सांगनार? आन आता त्ये पाल बी तिथं न्हाई."

मी कप खाली ठेवला. दुपारी जिनं मला खरं बोलायला लावलं, तिच्याच घरी मी बसले होते, आणि तिच्या एका शब्दावर माझ्या माणसांना मार बसला होता. ती रडली नाही की तिनं माफी मागितली नाही. माझी वेगळी अपेक्षाही नव्हती. निघताना तिनं विचारलं, ओसरीवरच्या ढिगातलं माझं पुस्तक तिला वाचायला जमेल का. मी म्हटलं, पहिलं प्रकरण सोडून वाचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनंदानं मला वडवणीला सोडलं. गाडी लागेपर्यंत आम्ही दोघी स्टँडच्या बाकावर शेंगा खात बसलो. तिला नोकरीची धास्ती होती. एका वाचनालयाचा पगार दोन खोल्यांकडून कसा येणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं. नंतर फोनवर कळलं ते असं: आबासाहेबांच्या खोलीत आता कॅरम असतो, दुसऱ्या खोलीला बहुतेक वेळ कुलूप असतं आणि सुनंदा वडवणीत एका शाळेत लागली आहे. ओसरीवरच्या ढिगातून माझ्या पुस्तकाची एक प्रत रंगनाथ सरांनी नेली. अजून परत केलेली नाही.

परतताना पुण्यात भावाकडे उतरले. तो बँकेतून निवृत्त झालाय. वहिनी दुसऱ्या जातीतली, लग्नाला तीस वर्षं झाली, आणि तिला काही माहीत नाही. ती चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो उठला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून आला.

"तू तुझं सांगितलंस," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याबरोबर माझंही सांगून आलीस. मला विचारलंस?"

मी एकतीस वर्षं शिकवत आले की माणूस आपली ओळख स्वतः ठरवतो. पण मी एकटी पारधीण असूच शकत नाही, मी ते म्हटलं की तो आपोआप होतो, त्याची मुलं होतात, गेलेले वडील पुन्हा एकदा होतात. वडिलांनी ज्याच्यासाठी बदली मागून घेतली, ते मी एका वाक्यात मोडलं होतं. त्याच वेळी हेही खरं की ते वाक्य बोलल्याचा मला पश्चात्ताप नव्हता. चहा आला. आम्ही तिघांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

हे लिहायला घेतलं तेव्हा मात्र त्याला विचारलं. म्हटलं, तुझं नाव बदलते, गाव बदलते, हवं तर भाऊ आहे हेच लिहीत नाही. तीन आठवडे उत्तर आलं नाही. मग एका रविवारी त्याचा फोन आला. त्यानं वहिनीला सांगितलं होतं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. "जातीचा राग नव्हता गं तिला," तो म्हणाला. "तीस वर्षं सांगितलं नाही ह्याचा होता. तो अजून गेलेला नाही."

"मग हे लिहू की नको?"

मागे कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"लिही," तो म्हणाला. "पण नाव बदलू नकोस."

म्हणून लिहिते. माझ्या धाकट्या भावाचं नाव हणमंत रामा काळे.